दारातली जागा

३ मार्च

मामा,

उभ्यानेच नमस्कार. वाकून करत नाही कारण मान वाकत नाही. उद्धटपणा समजू नकोस. इथल्या उशा म्हणजे पोत्यात खडी भरून शिवल्यासारख्या आहेत, त्यांचा हा प्रताप आहे.

पत्र बघून दचकला असशील. या नव्या तळावर फोन गेटवरच काढून घेतात. रसदीच्या ट्रकबरोबर टपाल येतं आणि त्याच ट्रकबरोबर जातं, तेव्हा उत्तराला वेळ लागला तर मामीचं डोकं खाऊ नकोस.

आईला अजून वाटतं की मी हेलिकॉप्टर चालवते. तिला समजावून मी थकले. तू तरी नीट समजून घे आणि तिला सांग. चालवणारे दोघं पुढे बसतात. मी मागे, उजव्या दारात. दार सताड उघडं, कमरेला पट्टा, आणि माझ्या हाताशी विंच, म्हणजे दोर सोडायचं आणि गुंडाळायचं यंत्र. त्या दोराला लटकून आमचा दोरवाला खाली उतरतो, जखमी माणसाला बांधतो आणि मी दोघांना वर ओढून घेते. कॅप्टनला हेलिकॉप्टरच्या पोटाखालचं काही दिसत नाही. म्हणून मी बाहेर डोकं काढून बघत राहते आणि बोलत राहते: पुढे तीन, उजवीकडे एक, थांब. तो माझ्या शब्दावर तेवढेच मीटर हलतो. तुझ्या क्रेनखाली हातवारे करणारा इशारेवाला असतो ना, तेच काम, फक्त मी वर असते.

अंधारातलं दिसावं म्हणून हेल्मेटला पुढे एक जाडजूड चष्मा लावतात. त्याने डोकं पुढे झुकतं, म्हणून तोल सांभाळायला मागे वजन लावतात. मी मागे थोडं आणखी लावलंय. दोरवाला सुट्टीत मासे पकडतो, त्याच्या गळाच्या शिशाच्या गोळ्या मागून घेतल्या आणि पिशवी शिवून चिकटवली. आता हेल्मेट मस्त बसतं.

खरी बातमी पुढेच आहे. यंदा विंच शिकवणाऱ्यांची निवड होणार आहे आणि कॅप्टनने माझं नाव दिलंय. आधी डॉक्टरी तपासणी होईल. ती पार पडली की दारातली जागा पक्की, आणि नवी पोरं माझ्या हाताखाली. मला हे हवंय मामा. इतकं दुसरं काही कधी हवं नव्हतं. तेव्हा एक बरी उशी पाठव, आणि मानेचं आईला बोलू नकोस.

तुझी घुबड


१७ मार्च

घुबडबाई,

उशी पाठवली आहे. दुकानात मांडून ठेवलेल्या पलंगावर मी एकेका उशीवर डोकं टेकून, आडवा पडून पाहिलं. दुकानदार म्हणाला, काका, झोपायचं असेल तर भाडं पडेल. तुझी मामी मला ओळखत नसल्यासारखी पडद्यांच्या विभागात निघून गेली.

ताईला तुझं काम समजावून सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, म्हणजे ती चालवते ना? मी हो म्हणालो. तुझ्या आईशी मी चाळीसाव्या वर्षापर्यंत भांडलो, आता नाही भांडत.

तुझं पत्र वाचून मजा वाटली. लहानपणी तू मान अशी गर्रकन मागे फिरवायचीस की मला भीती वाटायची, ही आता पाठीकडेच तोंड करून शाळेत जाते की काय. त्याच मानेला उशीने जेरीला आणावं म्हणजे कमाल आहे. गरम पाण्याची पिशवी लाव. क्रेनवाल्यांच्याही माना जातात. केबिनच्या तळाला काच असते आणि दिवसभर दोन गुडघ्यांमधून खाली बघायचं, त्यामुळे आम्ही सगळे म्हातारपणी जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत चालतो. पण तू अजून म्हातारी नाहीस. डॉक्टरला का दाखवत नाहीस?

आमचा टॉवर आता बाराव्या मजल्यावर पोचला. परवा डबा खाताना मी सळया बांधणाऱ्यांना तुझी गोष्ट सांगितली. एकाला पटेना. म्हणाला, उघड्या दारात बसते आणि खाली बघते? आमच्याकडे ये म्हणावं, इथे निदान कठडा तरी आहे.

निवडीचं होणारच. तू हट्टी आहेस, आणि तो हट्ट आमच्याकडूनच आला आहे.

तुझा मामा


६ एप्रिल

मामा,

उशी पोचली. पहिल्या रात्री मी झोपले, दुसऱ्या रात्री ती कॅप्टनच्या खोलीत सापडली, आता तिच्यावर उशीपेक्षा मोठं नाव लिहून ठेवलंय. कारण इथे मान सगळ्यांचीच गेलेली आहे. कॅप्टन गाडी मागे घेताना वळून बघत नाही, आरशावर भिस्त ठेवतो. त्याच्या शेजारी बसणारा पाणी पितो तेव्हा मान मागे न टाकता गुडघे वाकवून खाली जातो. आम्ही त्याला हसतो आणि मग आम्हीही तसंच पितो.

डॉक्टरचं विचारलंस. आमच्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत, पण त्यांच्याकडे जाऊन मान दुखते म्हटलं की त्या दुसऱ्या दिवसापासून उडणं बंद करतात. मग तुमची पाळी दुसऱ्यावर पडते आणि त्याची मान आधीच मोडलेली असते. म्हणून कोणी जात नाही. स्वयंपाकघरातला आचारी कणीक मळणाऱ्या हातांनी खांदे चोळून देतो, त्याच्याकडे रांग असते.

पण मी एक तोड काढली आहे. माझी मान उजवीकडेच वळत नाही, डावीकडे अजून वळते. नेहमी आपण हेलिकॉप्टरच्या नाकाकडे, म्हणजे पुढे, तोंड करून गुडघ्यावर बसतो, म्हणजे दार उजव्या हाताला येतं. मी उलटी बसायला लागले, शेपटीकडे तोंड करून. दार डावीकडे आलं, डावीकडे मान वळवून आरामात दिसतं. दिशा मात्र मनात फिरवून बोलायच्या. हातालाही मुंग्या येतात कधी, पण ते हातमोजे घट्ट असल्यामुळे असेल. पंधरा दिवस असंच करतेय आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. आहे की नाही डोकं?

आता तुझ्याबद्दल. सळया बांधणाऱ्यांबरोबर डबा कधीपासून खायला लागलास? शिडी चढउतार करण्यात दुपारची सुट्टी जाते म्हणून तुझा डबा दोराने वर जायचा. मी लहान असताना तो दोर मीच बांधला आहे एकदा, आठवतं? खाली काय करतोस?

घुबड


१४ एप्रिल

घुबडे,

माझ्या डब्याची चौकशी बाजूला ठेव. कधीतरी माणूस खाली उतरतो.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो. ती उलटं बसायची तोड आजच्या आज बंद कर. तुला वाटतं तू डोकं चालवलंस. ऐक मी काय सांगतो ते.

मागच्या वर्षी आमचा इशारेवाला, चांगला मुरलेला माणूस, माझ्या क्रेनकडे पाठ करून उभा होता. मी भिंतीचा तयार तुकडा खाली आणत होतो. ट्रकवाल्याने मागून काहीतरी विचारलं, म्हणून तो उत्तर द्यायला वळला आणि वळल्या वळल्याच मला हात दाखवला. त्याचा उजवा. पण आता त्याचं उजवं ते माझं डावं झालं होतं. तो तुकडा पाण्याच्या टाकीतून आरपार गेला. टाकीजवळ कोणी नव्हतं हे नशीब. तो माणूस मूर्ख नव्हता, दारू प्यायलेला नव्हता. नुसता वळला होता. दिशा मनात फिरवून बोलणं रोज जमतं, आणि ज्या दिवशी थकलेली असशील त्या दिवशी जमत नाही. मी वर बसून डोळे मिटून त्याच्या हातावर विश्वास ठेवायचो. तुझा कॅप्टनही तेच करतोय. आणि दोराला सिमेंटचा तुकडा नाही, माणूस आहे.

नाकाकडे तोंड करून बसता येत नसेल तर त्या दारात बसू नकोस. डॉक्टरीणबाईंकडे जा. निवड पुढच्या वर्षी होईल.

रागावून लिहिलं आहे, पण घाईही आहे. हे टपालात आजच टाकतो.

मामा

ता.क. मी मामी. याने पत्र चिकटवायला दिलं तेव्हा वाचलं. हा तुला शहाणपण शिकवतोय आणि स्वतः शर्टाची बटणं मला लावायला लावतो, कारण बोटांना कळत नाही. क्रेनवर चढला नाही त्याला महिना झाला. कोणाला सांगायचं नाही म्हणून घरात फर्मान आहे. मी तुला सांगितलं असं त्याला सांगू नकोस, किंवा सांग, मला काही फरक पडत नाही.


४ मे

मामा,

तुझं पत्र काल मिळालं. रस्त्यावर दरड कोसळल्यामुळे टपाल खालच्या तळावर अडकलं होतं. जे व्हायचं ते त्याच्या चार दिवस आधी होऊन गेलं.

एक सैनिक ओढ्याच्या घळीत पडला होता, पाय मोडून. अंधार पडल्यावर आम्ही पोचलो. त्या दिवसातलं आमचं ते तिसरं उड्डाण. दोरवाला उतरला. घळीची एक बाजू म्हणजे उभा खडक, आणि तो खडक यंत्राच्या नाकाच्या बाजूला होता, म्हणजे माझ्या पाठीशी. दोरवाला त्याच्या फार जवळ जायला लागला. यंत्र शेपटीकडे न्यायला हवं होतं. शेपटी माझ्या समोर होती. मला म्हणायचं होतं मागे तीन. मी म्हणाले पुढे तीन. कॅप्टन माझ्या शब्दावर पुढे गेला आणि दोरवाला खडकावर आपटला.

मी लगेच थांब ओरडले. आम्ही दोघांनाही वर घेतलं. सैनिक वाचला. दोरवाल्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, दोन फासळ्यांना चीर गेली. तो इथल्याच दवाखान्यात आहे. गोळ्या देतात म्हणून बराच वेळ झोपतो.

कॅप्टन म्हणतो घळीतून वारा उठला आणि दोर झोकला गेला. त्याला खरंच तसं वाटतं, त्याला खालचं दिसतच नाही. दोरवाल्यानेही वाराच सांगितला. चौकशी पंधरवड्यानंतर आहे. आता वारा म्हटलं की विषय संपतो, आणि माझी तपासणी आणि निवड वेळेवर होते. मी एकटी आहे जिला माहीत आहे की वारा नव्हता.

काय करू असं मी तुला विचारत नाही. मी सांगणार आहे. ठरलंय. सांगितल्यावर दारातली जागा जाईल हेही कळतंय. काल रात्रभर रडले, आज नाही रडत. फक्त कोणाला आधी सांगू ते कळत नाही.

आणि तुला काय झालंय ते मला तुझ्या हाताने लिहून हवंय. मामीचं वाचलं.

घुबड


१२ मे

पोरी,

तुझ्या मामीला मी काही बोललो नाही. बोलून उपयोग नसतो.

ऐक तर. मार्चच्या सुरुवातीला मी केबिनमध्ये होतो, माल वर घेत होतो. उजव्या हातात दांडा होता आणि मला तो आहे की नाही हे हाताकडे बघून कळलं. मी माल खाली ठेवला, यंत्र बंद केलं आणि शिडी उतरलो. उतरायला फार वेळ लागला. मुकादमाला सांगितलं, मला वर पाठवू नका. मानेतली एक गादी सरकून हाताच्या नसेवर बसली आहे म्हणतात. आता मी खाली इशारेवाला आहे. वर एक नवा मुलगा असतो, बरा चालवतो. तुझ्यापासून लपवलं ते लाजेने. सगळ्या साइटला माझ्या नावाने वर बघायची सवय होती, आणि मी खाली वाळूच्या ढिगापाशी हात हलवत उभा. तुला उशी पाठवून शहाणपण सांगत होतो तेव्हाही मी खालीच होतो. मी त्याच पत्रात हे लिहिलं असतं तर कदाचित तू वेळेवर डॉक्टरकडे गेली असतीस. ते मला फार लागलं आहे.

आता तुझं. चौकशीच्या आधी दोरवाल्याला सांग. साहेबांना, कॅप्टनला, सगळ्यांना नंतर. आपटला तो आहे. त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये. तो काय बोलेल ते ऐकून घे, शिव्या दिल्या तर त्याही घे. मग सरळ डॉक्टरीणबाईंच्या दारात जा.

मी इथे आहे.

मामा


२९ मे

मामा,

तुझं पत्र बरोबर चौकशीच्या आदल्या दिवशी आलं. मी तशीच दवाखान्यात गेले.

दोरवाला उशीला टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मी उलटी बसले होते, का बसले होते, काय म्हणायचं होतं आणि काय म्हणाले. त्याने गळ्यातला हात सावरला. मग म्हणाला, "मला माहितीये."

मी म्हटलं, "काय माहितीये?"

"माझ्या कानात पण तुझाच आवाज असतो की. खडक माझ्या नाकासमोर, आणि तू म्हणतेस पुढे तीन. वारा कुठला त्या घळीत? पान हलत नव्हतं."

"मग तू वारा का सांगितलास?"

"तुला खाली बसवतील म्हणून. निवड आहे ना तुझी."

मी विचारलं, हाड जुळल्यावर काय करणार होतास? तो म्हणाला, "काय करणार, उतरणार. दोर कोण सोडणार, तूच ना?"

मामा, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो माझ्याच दोराने परत उतरणार होता, सगळं माहीत असून. मला तिथे बसवेना. मी त्याला म्हटलं, उद्या तूही खरं सांगायचंस, आणि निघाले.

चौकशीत सगळं सांगितलं. शिशाच्या गोळ्यांची पिशवी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी माझं हेल्मेट चष्म्यासकट आणि त्या पिशवीसकट तोललं आणि म्हणाल्या, हे जवळजवळ अर्ध्या डोक्याएवढं भरलं, म्हणजे तू दीड डोकं घेऊन फिरत होतीस. तोल साधला गेला होता, पण ओझं वाढलं होतं, आणि ते सगळं मानेच्या मुळाशी असलेल्या बारक्या स्नायूंवर. मुंग्या हातमोज्याच्या नव्हत्या.

माझं उडणं बंद. निवडीच्या यादीतून नाव काढलं. सहा महिन्यांनी बघू म्हणतात, आणि मान दोन्हीकडे पूर्ण वळली नाही तर बघणारही नाहीत. दुसऱ्या दिवशी कॅप्टन स्वतः डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाकीचे माझ्यावर चिडलेत, कारण माणसं कमी पडली आणि त्यांच्या पाळ्या वाढल्या. कोणी जेवताना शेजारी बसत नाही. बसतील हळूहळू. त्यांनाही दुखतंयच.

मला दारात परत जायचंय. आता तपासणी चुकवून नाही, मान वळवून. डॉक्टरीणबाईंनी रबरी पट्टा दिलाय आणि रोजचे व्यायाम. कपाळावर हात ठेवून डोक्याने हाताला ढकलायचं आणि हाताने डोक्याला, कोणीच हलायचं नाही. तूही कर. तुझ्या डॉक्टरांना विचारून.

घुबड


१० जुलै

दीडशहाणे,

(हे तुझ्या डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं आहे, माझा दोष नाही.)

माझ्या डॉक्टरांनी परवानगी दिली. रोज सकाळी मी कपाळाला हात लावून बसतो. शेजारच्यांनी मामीला हळूच विचारलं, यांचं काही नुकसान झालं का? ती म्हणाली, नाही, हे भाचीशी बोलतायत.

मी परत वर जाणार नाही, हे मला आता कळलं आहे. बोटं सुधारतायत, पण बटणापुरती, दांड्यापुरती नाही. दोन-तीन दिवस फार वाईट गेले. मग त्या वरच्या मुलाने मुकादमाला सांगितलं की मामा खाली असतील तरच मी जड माल घेईन. माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू. इशारा द्यायला मी आता वीट टाकून जागा ठरवली आहे. त्या विटेवर पाय ठेवून, क्रेनकडे तोंड करून, मगच हात उचलतो. कोणी हाक मारली तर वळत नाही. मुकादमाने मारली तरी नाही, त्यावरून बोलणीही खाल्ली.

तू पट्टा सोडू नकोस. दुखलं तर सांग, लपवू नकोस. मीही सांगेन.

मामा


२२ नोव्हेंबर

मामा,

परवा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मागे उभं राहून बोटं दाखवली, उजव्या खांद्यावरून, आणि मी मोजली. मग हेल्मेट घालून, मग चष्म्यासकट. हेल्मेटचं मागचं वजन आता नेमलेलंच. त्यांनी कागदावर शिक्का मारला. निवड यंदा नाही. शिकवायची जागा दुसरीला मिळाली आणि ती चांगली आहे. मला वाईट वाटलं, संध्याकाळपर्यंत.

तुझ्या विटेची गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगितली. आम्हाला वीट ठेवायला जागा नाही, म्हणून दाराच्या चौकटीवर नाकाच्या बाजूला पांढरा रंग मारून घेतलाय, सगळ्या यंत्रांवर. आता कोणाची मान धरली तर तो सांगतो आणि दारातून उठतो. सगळेच सांगतात असं नाही. पण आचाऱ्याकडची रांग कमी झाली, तो जरा नाराज आहे.

आज दिवसाउजेडी सराव होता, खाली मोकळं माळरान. दोरवाल्याचं हाड जुळलंय. त्याने स्वतःच सांगितलं होतं की दारात तीच हवी. मी नाकाकडे तोंड करून बसले. मान उजवीकडे वळवली. थोडी ओढ लागली, पण वळली, आणि खालचं सगळं दिसलं. तो दाराच्या कडेला पाय सोडून बसला, दोर त्याच्या पट्ट्यात अडकवला, आणि उतरायच्या आधी माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "नाक कुठंय?"

मी हात लांब करून दाखवलं. त्याने बघितलं, मान हलवली आणि दोरावर भार टाकला.

आता तो दर वेळी विचारणार आहे म्हणतो. मी म्हटलं, विचार.

वाकून नमस्कार, तुला आणि मामीला.

घुबड